घरापुढचा कट्टा आणि नव्या फळ्या



आमच्या हुबळी-धारवाडच्या नव्या वसाहतींतून अलीकडे एक नवीन शब्द कानी पडू लागला आहे. ‘यंदा आम्ही घराला डेक करून घेतला’ असे कोणी अभिमानाने सांगतो आणि पाहुण्याला हाताला धरून मागल्या अंगणात किंवा गच्चीवर नेतो. तेथे तपकिरी रंगाच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या एकीशेजारी एक बसवून प्रशस्त बैठक केलेली असते; दोन वेताच्या खुर्च्या, एक बुटके टेबल आणि कुंडीतले एखादे शोभेचे झाड एवढा तिचा संसार. डेक हा शब्द वास्तविक जहाजावरचा. जहाजाच्या पाठीवरची फळ्यांची जमीन म्हणजे डेक. घाट उतरून कारवारला गेल्याखेरीज ज्यांना समुद्र दिसत नाही अशा आम्हा लोकांच्या घरी तो कसा येऊन पोहोचला, त्याच्या फळ्या कशाच्या असतात, आमच्या उन्हापावसात त्यांचे काय होते, आणि मुख्य म्हणजे त्यांवर बसावयाचे कोणी, याविषयी आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे.

डेक नवा असला तरी घर आणि रस्ता यांच्या मधली बैठक आम्हांला नवी नाही. कोणी तिला ओटा म्हणते, कोणी ओसरी, बेळगाव-कोल्हापूरकडे सोपा म्हणतात, आणि आमचे कन्नड शेजारी कट्टे, जगली किंवा पडसाले म्हणतात. मराठीतला कट्टा आणि कन्नडमधले कट्टे ही भावंडे आहेत हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञ नको. धारवाडच्या जुन्या गल्ल्यांतून दाराच्या दोन्ही अंगांना दगडी कट्टे असत. वर माळवदाची किंवा मंगळुरी कौलांची वळचण पुढे आलेली असे. ही कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतर सगळ्या मुलखात पसरली. कट्ट्याचा दगड बसून बसून गुळगुळीत झालेला असे आणि वैशाखातल्या संध्याकाळी त्यावर पाणी मारले की घटकाभरात तो बसण्याजोगा होई.

या कट्ट्याचे एक काम असे होते की ज्याची नोंद वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत सापडावयाची नाही. धारवाडातल्या मराठी कुटुंबांत उंबऱ्याच्या आत मराठी चाले, फाटकाच्या बाहेर कन्नड चाले, आणि कट्ट्यावर दोन्ही चालत. भाजीवालीशी घासाघीस करताना आजी कन्नडमध्ये आकडे मोजीत आणि त्याच दमात आत वळून सुनेला मराठीत पिशवी आणावयास सांगत. मुले शाळेत जाण्याआधीच दोन भाषा शिकत ती याच दोन-अडीच हात रुंदीच्या दगडावर. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई ते द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, ‘नाकु तंती’साठी ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले, हे आपण जाणतोच. त्यांची प्रतिभा कट्ट्याने घडविली असे मी म्हणणार नाही. पण ज्या गावात असे होऊ शकले त्या गावात आतले आणि बाहेरचे यांच्यामध्ये भिंत नव्हती, बसावयाची जागा होती, एवढे खात्रीने म्हणता येईल.

बसण्याच्या जागांची महती धारवाडकरांना निराळी सांगावयास नकोच. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली सुरू केलेल्या मनोहर ग्रंथमालेचा ‘अट्टा’ प्रसिद्ध आहे. अट्ट म्हणजे माळा. त्या माळ्यावर कन्नडमधले लेखक जमत, वाद घालीत, हस्तलिखिते वाचीत. गिरीश कार्नाडांचे पहिले नाटक ‘ययाति’ १९६१ साली याच ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. तेथे खुर्च्या कोणत्या लाकडाच्या होत्या हे कोणी विचारीत नाही. जिना चढून कोणीही वर येऊ शकत असे, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली.

मग कट्टा गेला कोठे? तीन गोष्टींनी त्याला घालविले. रस्ते रुंद होऊ लागले तेव्हा घराचा जो भाग प्रथम कापला गेला तो कट्टा. पुढे घर रस्त्यापासून मागे सरले आणि पुढे कुंपणाची भिंत आली. आणि शेवटी, भिंत आणि घर यांच्या मधल्या जागेत मोटार येऊन उभी राहिली. आज तीस फूट दर्शनी रुंदीच्या भूखंडावर पुढची सर्व जागा मोटारीची असते. माणसाने घरात तरी असावे किंवा रस्त्यावर तरी. मोटार मात्र ओसरीवर बसलेल्या आजोबांसारखी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत असते.

या रिकाम्या झालेल्या जागी डेक येतो आहे, आणि तो येतो आहे अमेरिकेच्या वाटेने. आमच्याकडे पुष्कळ घरांतला एक तरी मुलगा किंवा मुलगी तिकडे असते. उन्हाळ्यातली छायाचित्रे येतात, त्यांत घराच्या मागे लाकडी ओटा, त्यावर शेगडी, भोवती मंडळी. तिकडची घरेच लाकडाची, तेव्हा ओटाही लाकडाचा. तो पाइनच्या लाकडाचा करीत आणि कुजू नये म्हणून त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार दाबाने भरीत. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. मुलांच्या खेळण्याच्या जागी सोमल नको या विचाराने २००३ सालच्या अखेरीस घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे तिकडे थांबले. त्याच्या आधीच, १९९० नंतरच्या दशकात, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या बाजारात आल्या होत्या. या घटनेनंतर त्यांचे चांगलेच फावले. त्यांना कॉम्पोझिट म्हणतात. आमच्या बाजारात त्यांचे चालू नाव डब्ल्यूपीसी.

भुसा आणि राळेसारखा पदार्थ एकत्र करण्याची ही युक्ती नवी वाटली तरी तिची ओळख आपल्यापैकी अनेकांना आहे. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट तयार केले. ते ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात लाकडाचे पीठ घालीत. आजोबांच्या काळचा तपकिरी, गोल कडांचा, जड रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी लाकडाचे पीठ मिसळलेली वस्तू पाहिली आहे. धारवाडचे नभोवाणी केंद्र १९५० साली सुरू झाले तेव्हा गावात त्याचे कार्यक्रम ऐकविणाऱ्या कित्येक पेट्या अशाच असतील. फरक इतकाच की बेकेलाइट एकदा घट्ट झाले की उष्णतेने मऊ होत नाही. डेकच्या फळीतले प्लॅस्टिक, जे बहुधा पॉलिथिन असते, ते उष्णतेने मऊ होते आणि वाढतेही. या एका फरकातून या फळीचे बहुतेक गुणदोष निघतात.

गुण प्रथम सांगतो. ही फळी पाणी फार थोडे पिते, म्हणून लाकडासारखी सहजी कुजत नाही. वाळवीला तिच्यात गोडी वाटत नाही. आणि पश्चिमेकडे कलघटगी-अळणावरच्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांना वाळवी म्हणजे काय हे सांगावयास नको. तिला कुसळे निघत नाहीत, दरवर्षी तेल किंवा व्हार्निश नको. दांडेली-हल्याळकडचे चांगले सागवान घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते. शहाबादी फरशीपेक्षा मात्र पुष्कळ महाग. यावर दुकानदार ‘देखभालच नको’ असे म्हणतो. तेवढे मात्र मनावर घेऊ नये. साचलेल्या पालापाचोळ्यावर आणि सावलीतल्या ओलीवर बुरशी या फळीवरही धरते, कारण अर्धे अंग तिचे लाकडाचेच आहे.

विकत घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. डब्ल्यूपीसी या एकाच नावाखाली आमच्या बाजारात दोन अगदी भिन्न वस्तू मिळतात. एक हलकी, फेसाळ अंगाची फळी. ती स्वयंपाकघरातल्या कपाटांना आणि न्हाणीघराच्या दाराला उत्तम. दुसरी जड, दाट, बाहेर जमिनीवर घालावयाची. पहिली स्वस्त म्हणून डेकला वापरली तर वर्षा-दोन वर्षांत वाकते. दुसऱ्या प्रकारातही काही फळ्या आतून पोकळ असतात, काही भरीव, आणि काहींवर चारी बाजूंनी प्लॅस्टिकचे निराळे आवरण चढविलेले असते. पोकळ फळीच्या टोकांना टोप्या बसविल्या नाहीत तर पावसाळ्यात तिच्या नळ्यांतून पाणी शिरते आणि मुंग्या बिऱ्हाड करतात. माझे मत विचाराल तर लहान डेक करावा, पण भरीव आणि आवरणाच्या फळीचा करावा.

आता बांधणीविषयी. वरच्या फळ्या दिसतात म्हणून सर्वांचे लक्ष त्यांच्याकडे असते. डेक टिकतो तो खालच्या सांगाड्यावर. ही फळी लाकडासारखी स्वतःच्या बळावर लांबचा पल्ला पेलत नाही. खालचे आडवे वासे, मग ते लोखंडाचे असोत की अॅल्युमिनियमचे, १२ ते १६ इंचांच्या अंतराने घालावे लागतात. फळ्या तिरप्या बसवावयाच्या असतील तर याहूनही जवळ. पैसे वाचविण्यासाठी वासे दोन-दोन फुटांवर घातले की हळदीकुंकवाच्या दिवशी फळ्या माना टाकतात.

दुसरी गोष्ट वाढीची. सुतारांच्या हाताला जन्मभर लाकडाची सवय असते. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. ही फळी उलट वागते: ती उन्हाने लांबीत वाढते. पहाटेच्या गारव्यापासून एप्रिलच्या दुपारपर्यंत दहा फुटांची फळी सुमारे पाच मिलिमीटर लांब होऊ शकते. सुताराने सवयीने टोकाला टोक घट्ट भिडविले तर दुपारी ती कमान टाकते आणि खिळे उपटते. म्हणून टोकांशी फट ठेवावयाची, भिंतीपासून अंतर ठेवावयाचे, आणि फळी खिळ्याने ठोकून न टाकता तिच्या कडेच्या खाचेत बसणाऱ्या पकडीने धरावयाची, म्हणजे ती आपल्या जागी राहून हलू शकते. दोन फळ्यांमधून पाणी खाली जाण्यापुरती बोटाच्या अर्ध्या रुंदीची फट हवीच.

तिसरी गोष्ट पायाची, आणि येथे हुबळी व धारवाड यांचे मार्ग वेगळे होतात. ही दोन गावे वीस किलोमीटरांच्या अंतरावर असली आणि १९६२ साली एका महापालिकेत एकत्र आली असली तरी त्यांच्या पायाखालची माती एक नाही. धारवाडच्या पश्चिम अंगाला तांबडी माती आणि खाली मुरूम. हुबळीच्या पुष्कळ भागांत, आणि पुढे नवलगुंद-अण्णिगेरीकडे तर सर्वत्र, काळी माती. काळी माती कापसाला आणि ज्वारीला आई आहे, घराला सावत्र आई. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसते दगड ठेवून डेकचे खांब उभे केले तर दोन वर्षांत एक कोपरा वर आणि दुसरा खाली जातो. तेथे खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा, मग काँक्रीट भरावे. मुरूम फार खोल असेल तर जाणत्या अभियंत्याला विचारावे. त्याच्या सल्ल्याचे पैसे फळ्यांच्या पैशांच्या मानाने किरकोळ असतात.

गच्चीवर डेक करणारांना एकच विनंती. गच्चीला भोके पाडू नका. पाणी अडविण्यासाठी घातलेला थर एकदा फोडला की खालच्या खोलीत आषाढ सुरू होतो. सांगाडा रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पायांवर नुसता ठेवावा, पाण्याच्या उताराच्या दिशेने ठेवावा, पन्हळीचे तोंड मोकळे ठेवावे, आणि काही फळ्या सहज उचलता येतील अशा बसवाव्यात. खाली पाने साचली, त्यांत पाणी थांबले आणि डास झाले, की त्या डेकवर संध्याकाळी आपल्याऐवजी तेच बसणार.

येथवर जे सांगितले ते थोड्याफार फरकाने कोणत्याही देशात लागू आहे. पण आमच्या घराच्या काही रीती आहेत, त्यांचा विचार परदेशी माहितीपत्रकात नसतो. पहिली रीत अनवाणी चालण्याची. तिकडे लोक बुटांनिशी डेकवर जातात. आम्ही पायताणे कडेला काढून चढतो. उघड्या गच्चीवरची गडद तपकिरी फळी चैत्राच्या दुपारी अशी तापते की लहान मूल रडत परत फिरते. म्हणून फिकट रंग घ्यावा, आणि वर कौल, पत्रा, वेल काहीतरी सावलीला असावे. सावली नसलेला डेक हुबळीला वर्षातले चार महिने फक्त छायाचित्रापुरता उपयोगी आहे.

दुसरी रीत रांगोळीची. खाचा असलेल्या, मध्ये फटी असलेल्या फळ्यांवर रांगोळी घालता येत नाही. घातली तर ती खाचांत बसते आणि निघत नाही. तेव्हा उंबऱ्यापुढे दोन फूट तरी दगडी फरशी राखून मगच फळ्या सुरू कराव्यात. तुळशीची जागाही दगडावरच असावी, कारण कुंडीखालची कायमची ओल या फळीला डाग पाडते. तिसरी रीत दिव्याची. दिवाळीतली पणती थेट फळीवर ठेवली तर तेथे कायमचा खळगा पडतो. फुलबाजीची जळती काडी पडली तरी तेच. रंधा मारून हा डाग काढावा म्हणाल तर ते लाकडालाच शक्य आहे. आवरणाच्या फळीला रंधा लागत नाही, ती फळीच बदलावी लागते. यासाठी डेक करताना त्याच रंगाच्या चार फळ्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाकून ठेवाव्यात.

आता हा डेक घराच्या कोणत्या अंगाला करावयाचा? माझ्या नात्यातल्या एका काकूंचे उदाहरण सांगतो. धारवाडला माळमड्डीत त्यांचे घर आहे. वय अठ्ठ्याहत्तर. घराचे जोते दीड-दोन फूट उंच, दारापुढे चार उंच पायऱ्या. एका श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या, आणि हाड मोडले नाही तरी धीर मोडला. त्यानंतर दोन पावसाळे त्या उंबऱ्याच्या बाहेर आल्या नाहीत. तब्येत बरी होती, जेवणखाण होते, घरात दूरदर्शन चालू होते. पण बोलणे कमी होत गेले. प्रथम कन्नड बंद झाले, कारण कन्नड बोलावयाची माणसे दाराबाहेरची. पुढे मराठीही ‘हो’ आणि ‘नको’ एवढ्यावर आली.

परदेशातल्या मुलाने डेक करावयाचे ठरविले आणि पैसे पाठविले. त्याचा बेत मागल्या अंगणाचा होता. तेथे आंब्याचे झाड आहे, निवांतपणा आहे, छायाचित्र सुरेख येईल. सुतारही त्याच मताचा. तो मोजमाप घेत आपल्या धारवाडी मराठीत म्हणाला, “काकू, मागं घालू की फळ्या. पुढं धूळ येते री.” काकू खाटेवरून म्हणाल्या, “धूळ येते तिथंच माणसंही येतात. मागं माझ्याकडं कोण येणार आहे? मांजर?” दोन वर्षांतले त्यांचे ते सर्वांत लांब वाक्य होते, असे त्यांची सून मला म्हणाली.

डेक पुढल्या बाजूस झाला. पुढे मोटार उभी असे. ती आता रस्त्याच्या कडेला चिंचेखाली असते आणि तिच्यावर पाखरे आपली सही करतात. डेक बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद. त्याची पातळी उंबऱ्याबरोबर ठेवली, म्हणजे घरातून बाहेर येताना एकही पायरी नाही. हा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा समजतो. म्हाताऱ्या माणसासाठी उतार करावा असे आपण सहज म्हणतो, पण चाकाच्या खुर्चीला झेपेल असा उतार एक फूट उंचीला बारा फूट लांब लागतो. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. एवढी जागा लहान अंगणात मिळत नाही. अंगणात उतरण्याऐवजी अंगणच उंबऱ्यापर्यंत वर आणले, की निदान उघड्यावर बसण्याचा प्रश्न सुटतो. कडेला कठडा केला, तो बसलेल्या माणसाच्या दृष्टीच्या खाली राहील इतकाच उंच, आणि रस्त्याच्या बाजूला तो पाच फूट तोडून तेथे दोन रुंद पायऱ्या दिल्या. येणाऱ्याला बसता येईल अशा रुंद. वर जुनी कौले पुढे ओढून घेतली. खाली तांबडा मुरूम लागला, त्यामुळे पायाचा खर्च वाचला.

या घरातल्या एका जुन्या सोप्याची तक्तपोशी पूर्वी उतरवून ठेवली होती. तिच्या सागवानी फळ्या न्हाणीघराच्या मागे पत्र्याखाली पडून होत्या. सुताराने त्या पाहिल्या, नखाने खरवडून वास घेतला, आणि त्यांतल्या धड फळ्यांचा एक रुंद बाक करून भिंतीला टेकवून ठेवला. आमच्याकडे जुनी घरे पाडताना सागवान, मत्ती आणि होन्ने, म्हणजे आपले ऐन आणि बिबळा, यांची तुळया-दारे कवडीमोलाने विकली जातात आणि त्याच पैशांत दुप्पट भर घालून भुशाच्या फळ्या विकत घेतल्या जातात, हा व्यवहार मला कधी समजला नाही. पाऊस थेट लागत नसेल अशा जागी जुन्या सागवानासारखी बैठक नाही. नवी फळी पावसात भिजणाऱ्या जमिनीसाठी ठेवावी. तिच्यातले लाकूड आणि प्लॅस्टिक पुन्हा वेगळे करणे फार अवघड असते. तुटल्यावर ती जाळण्याजोगी नाही आणि मातीतही जात नाही. तेव्हा लागेल तेवढीच घ्यावी.

काकूंच्या डेकला आता दुसरा पावसाळा लागला आहे. एका टोकाची फळी किंचित उचलली होती. सुताराने येऊन फट वाढवून दिली. मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी सून मऊ केरसुणीने फळ्या झाडते, साबणाच्या पाण्याने धुते, फटींतली पाने सुरीच्या पाठीने काढते. यापलीकडे काही करावे लागलेले नाही. तारेचा ब्रश मात्र घरात ठेवलेला नाही, तो फळीचे आवरण ओरबाडतो. सकाळी आठ ते दहा काकू बाकावर असतात. भाजीवाली पाटी पायरीवर टेकते आणि स्वतःही टेकते. समोरच्या निवृत्त मास्तरांचे कन्नड वर्तमानपत्र येथे येऊन पडते आणि दोघे मिळून त्यातल्या बातम्यांवर रागावतात. संध्याकाळी गल्लीतली मुले गिरमिट्टाचे पुडे घेऊन येतात. तेलाचे डाग पडतात म्हणून सुनेने त्यांच्यासाठी एक जुनी चटई ठेवली आहे.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी डेकचा आणखी एक उपयोग शोधून काढला. दुपारी कौलांच्या सावलीबाहेर जो हातभर पट्टा उन्हात तापतो, त्यावर धुतलेले धोतर अंथरून त्यांनी सांडगे घातले. दगडी गच्चीवर दोन दिवस लागत, ते येथे दीड दिवसात खडखडीत वाळले. फळी तापते ही तक्रार मी त्यांच्यापुढे पुन्हा काढली नाही.